मिठागरातला क्लोरीन: नमुना घेण्याआधी गणित करा

वांद्र्याहून विरार लोकल धरली की भाईंदर-नायगावच्या आसपास रुळांच्या बाजूला मिठागरं दिसतात. एका कप्प्यात खाडीचं पाणी, दुसऱ्यात आटलेलं दाट पाणी, तिसऱ्यात पांढरं मीठ. पीएचडीचा विषय शोधत असाल तर या कप्प्यांकडे बघून एक प्रश्न विचारा: सगळ्या कप्प्यांतला क्लोरीन सारखाच असेल का?

क्लोरीनचे दोन स्थिर समस्थानिक आहेत. शंभरातले साधारण ७६ अणू हलके, म्हणजे ३५ वस्तुमानांकाचे, आणि २४ जड, म्हणजे ३७ चे. या दोघांचं प्रमाण मोजताना समुद्राच्या पाण्यातला क्लोराइड शून्य धरतात आणि आपला नमुना त्यापेक्षा हजारात किती कमी-जास्त आहे ते सांगतात. याला डेल्टा-३७ म्हणू. मिठागरात भरतीचं पाणी घेतलं जातं, त्यामुळे आपली सुरुवात जवळपास शून्यापासून होते. नैसर्गिक सरोवरात अशी माहीत असलेली सुरुवात सहसा मिळत नाही.

आता ऊन लागतं, पाणी उडून जातं. क्लोराइड मात्र मागेच राहतो. मीठ बसण्याआधी जिप्सम खाली बसतं, पण त्यात क्लोरीन नसतो. म्हणून समुद्राचं पाणी साधारण दहापट आटेपर्यंत डेल्टा-३७ जागचा हलत नाही. 'जास्त खारट म्हणजे जास्त फरक' हा समज इथेच सोडून द्या. पाणी किती उडालं हे पाण्यातला ऑक्सिजन सांगतो. मीठ बसलं का, आणि किती, हे क्लोरीन सांगतो.

मिठाच्या स्फटिकात जड क्लोरीन किंचित जास्त जातो. १९९५ साली एग्गेनकाम्प आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून दाखवलं की साधं मीठ ज्या पाण्यातून बसतं त्यापेक्षा दर हजारी ०.२६ ने जड असतं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमच्या क्लोराइडांत उलटं होतं: ती पाण्यापेक्षा किंचित हलकी निघतात, अनुक्रमे ०.०९ आणि ०.०६ ने. नंतरच्या प्रयोगांतले आकडे थोडे वेगळे आहेत, पण साध्या मिठाची दिशा तीच आहे. म्हणजे मीठ बसत जाईल तसं उरलेलं पाणी हलकं होत जातं, आणि अगदी शेवटी पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षार बसायला लागले की ही घसरण उलटते. मिठागरात ही शेवटची पायरी बघायला मिळत नाही, कारण ते कडवट पाणी, म्हणजे बिटर्न, त्याआधीच बाहेर सोडतात.

आता वही काढा. बसलेलं मीठ पुन्हा विरघळत नाही असं धरलं तर उरलेल्या पाण्याचा डेल्टा-३७ म्हणजे ०.२६ गुणिले उरलेल्या क्लोरीनच्या अंशाचा नैसर्गिक लॉगॅरिदम. अर्धा क्लोरीन मिठात गेला तर पाणी उणे ०.१८ वर येतं. तीन चतुर्थांश गेला तर उणे ०.३६. त्या क्षणी बसणारं नवं मीठ उणे ०.१० असतं, पण तोवर साठलेल्या सगळ्या मिठाची सरासरी अधिक ०.१२ येते. म्हणजे एकाच कप्प्यातल्या ढिगाच्या वरच्या थराला आणि खालच्या थराला वेगळं उत्तर मिळू शकतं. 'मिठाचा एक नमुना घेतला' एवढी नोंद म्हणून पुरत नाही.

आणि मोजमापातली चूक? समजा तुमच्या प्रयोगशाळेत एका मोजणीची अनिश्चितता ०.१ आहे. दोन नमुन्यांची वजाबाकी केली की ती ०.१४ होते. मग अर्धा क्लोरीन गेल्यावरचा ०.१८ चा फरक खात्रीने दिसणारच नाही. अनिश्चितता ०.०५ असेल तर वजाबाकीतली ०.०७ राहते आणि फरक दिसतो. त्यामुळे विषयाचं भवितव्य मिठागरात जाण्याआधीच बऱ्याच अंशी ठरलेलं असतं. ही बेरीज-वजाबाकी दोन वर्षं काम केल्यावर करण्यापेक्षा प्रस्ताव लिहिताना केलेली बरी.

ऋतूही सांभाळा. मिठाचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि पुढचा पाऊस येईपर्यंत चालतो. पहिल्या सरींनी मीठ विरघळून परत पाण्यात गेलं तर जड-हलकं पुन्हा मिसळतं आणि खूण पुसली जाते.

मग लोणारचं काय, असं तुम्ही विचाराल. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर बेसाल्टमधल्या आघाती विवरात आहे, पाणी खारं आणि अल्कधर्मी, बाहेर जायला वाट नाही. तिथला क्लोरीन खडकातून आला, की समुद्रावरून पावसाबरोबर आला, की जमिनीखालच्या पाण्यातून? नुसता डेल्टा-३७ मोजून हे सुटणार नाही, कारण दोन वेगळे स्रोत एकच आकडा देऊ शकतात. सोबत क्लोरीन आणि ब्रोमीनचं प्रमाण घ्यावं लागतं: साध्या मिठाच्या स्फटिकात ब्रोमीन फारच कमी जातो, त्यामुळे मीठ बसल्याची किंवा जुनं मीठ विरघळल्याची ती दुसरी साक्ष ठरते.

तेव्हा प्रस्तावात 'खाऱ्या सरोवरातल्या क्लोरीन समस्थानिकांचा अभ्यास' असं मोघम लिहू नका. कोणती प्रक्रिया, अपेक्षित फरक किती, यंत्राची चूक किती, हे तीन आकडे पहिल्याच पानावर लिहा. मार्गदर्शकांशी बोलणं तिथून सुरू करा.