कळलावी : धुऱ्यावरची वेल परसात

सातबाराच्या उताऱ्यात पोटखराबा म्हणून जे क्षेत्र दाखविलेले असते, त्याकडे शेतकरी सहसा पाहत नाही. आम्हीही महसुली कारकुनीच्या साऱ्या वर्षांत त्या रकान्यात आकडा भरण्यापलीकडे त्याचा कधी विचार केला नाही. नोकरीतून मोकळे झाल्यावर धुऱ्याधुऱ्याने हिंडण्यास सवड मिळाली, तेव्हा असे दिसून आले की वाशीम जिल्ह्यातील कित्येक गुणी वनस्पती ह्या पोटखराब्याच्याच आश्रयाने जगत आहेत. किंवा खरे म्हणावयाचे तर, जगत होत्या. धुरे जाळण्याची व त्यांवर तणनाशक फवारण्याची चाल पडल्यापासून त्या झपाट्याने कमी होत चालल्या आहेत. त्यांपैकीच कळलावी ही एक होय. ती आम्ही परसात आणून लाविली. तिच्यापासून आम्हांस जे सुख झाले व जी धास्ती बसली, ती दोन्ही वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

कळलावी बहुतेकांनी पाहिलेली असते, परंतु नाव पुष्कळांस ठाऊक नसते. श्रावण-भाद्रपदात बोरी-बाभळीच्या कुंपणावर तिची वेल चढलेली दिसते. तिला वेगळे तणावे नसतात. पानाचे टोकच लांबून गुंडाळते व आधारास धरून ठेविते. फुलास सहा पाकळ्या असून त्यांच्या कडा नागमोडी असतात. फूल उमलताना हिरवट-पिवळे असते, मग पाकळ्या वर वळतात, नारिंगी होतात व शेवटी लालभडक दिसू लागतात. एकाच वेलीवर हे सर्व रंग एका वेळी पाहावयास मिळतात. अग्निशिखा हे तिचे संस्कृत नाव कोणी ठेविले असेल त्याने ती वेल नीट निरखली असली पाहिजे. लांगली हे दुसरे नाव कंदावरून पडले, कारण कंद नांगरासारखा वाकडा असतो. कोकणाकडे ही फुले गौरीच्या पूजेत घेतात. तामिळनाडूने हिला आपले राज्यपुष्प मानिले आहे, आणि दूर आफ्रिकेतील झिंबाब्वेचे तर ते राष्ट्रीय पुष्प आहे. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा.

इंग्रजीत हिला लिली म्हणतात, पण आजच्या वर्गीकरणाप्रमाणे ती खऱ्या लिलीच्या कुळातली नव्हे. पाश्चात्त्य बागांतून डे-लिली नावाचे झाड फार आवडते, तेही खरी लिली नव्हे. त्याचे प्रत्येक फूल एकच दिवस टिकते. ह्या दोहोंचा एक गमतीचा संबंध आहे. कळलावीत कॉल्चिसीन नावाचे विष असते. ब्लेकस्ली व अ‍ॅव्हरी ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३७ साली असे दाखविले की ह्या द्रव्याने वनस्पतीच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करिता येते. पुढे त्याच युक्तीने डे-लिलीच्या मोठ्या फुलांच्या व जाड पाकळ्यांच्या जाती निर्माण झाल्या. म्हणजे जे आमच्या धुऱ्यावर तण म्हणून जाळले जाते, त्याच्याच अंगच्या विषाने परक्यांच्या बागा फुलल्या. कॉल्चिसीन त्यांनी दुसऱ्या वनस्पतीतून काढिले असेल. तरी तेच द्रव्य आमच्या कुंपणावर फुकट उभे आहे, हे खरे.

आता लागवडीविषयी. पहिल्या वर्षी आम्ही चार कंद आणून विहिरीजवळच्या काळ्या भारी जमिनीत तसेच पुरले. श्रावणाची झड लागली, वाफ्यात पाणी साचले आणि तीन कंद कुजून गेले. कळलावीस पाऊस हवा, पण पायाशी पाणी नको. धुऱ्यावर ती चांगली का येते, ह्याचे कारण तेव्हा लक्षात आले. धुरा उंच असतो व पाणी दोन्ही बाजूंनी निघून जाते. दुसऱ्या वर्षी आम्ही हातभर उंचीचा वरंबा केला. त्यात काळी माती कमी, मुरूम व जाड रेती अधिक, आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळले. तेव्हापासून कंद कुजल्याची तक्रार राहिली नाही.

कंदाला दोन फाटे असतात व प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकच डोळा असतो. हे नीट ध्यानात ठेवावे. बटाट्यास पुष्कळ डोळे असतात, एक गेला तरी दुसरा फुटतो. येथे तसे नाही. डोळा मोडला की तो फाटा वाया गेला. आम्ही एक उत्तम कंद पिशवीत घालून सायकलीवरून आणिला, आणि घरी पोचेतो त्याचे दोन्ही डोळे मोडलेले होते. लागणीपूर्वी दोन फाटे कोपराशी कापून वेगळे करावे, कापलेल्या जागेस बुरशीनाशकाची भुकटी लावावी, आणि सावलीत जखम सुकू द्यावी. मृगाचा पाऊस चांगला मुरला म्हणजे फाटे आडवे ठेवून तीन इंच खोल पुरावे. दोन फाट्यांत दीड फूट अंतर पुरते. कोंब वर येताच काड्यांचा किंवा तारेचा मांडव द्यावा. उशीर केला तर वेली एकमेकींत गुंततात व सोडविताना तुटतात. साधारण दीड-दोन महिन्यांत फुले येऊ लागतात.

बियांपासूनही रोप होते, परंतु फुलावर येण्यास तीन-चार वर्षे लागतात. तेवढा धीर आम्हांस नाही.

हिच्यावर एक अळी पडते, काळ्या अंगावर लाल-पिवळे ठिपके असलेली. ती दोन दिवसांत पाने फस्त करिते. परसातल्या चार वेलींकरिता औषध फवारणे आम्हांस पसंत नाही. सकाळी चिमट्याने अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकिल्या की काम भागते. कार्तिकानंतर वेल पिवळी पडून सुकते. ती मेली असे समजून पाणी देत बसू नये. कंद जमिनीत झोप घेत असतो. त्या वेळी पाणी दिले तर तो सडतो.

ह्यापुढचे लिहिताना आम्हांस आनंद होत नाही. मागील माघ महिन्यात वरंबा नव्याने भरण्याकरिता आम्ही कंद काढिले, आणि टोपलीत घालून ओसरीवर ठेविले. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. उपवासाकरिता आणिलेल्या रताळ्यांची टोपली त्याच ओसरीवर होती. सूनबाई शहरात वाढलेल्या. त्यांनी दोन्ही टोपल्यांतून निवडून रताळी धुतली व गंज चुलीवर चढविला. आमच्याकडे वेचणीच्या कामास येणारी एक म्हातारी सहज आत डोकावली व ओरडली, "हे रताये नाहीत वं माय, कयलावी होय हे! उतरव तो गंज." गंजात आमचे तीन कंद निघाले. घरात सहा व चार वर्षांची नातवंडे त्या रताळ्यांची वाट पाहत बसली होती.

उकडल्याने हे विष नाहीसे होत नाही. पोटात गेल्यास काही तासांतच तोंडाची आग, ओकाऱ्या व पटकीसारखे जुलाब सुरू होतात, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. वाचलेल्यांचे केस पुढे गळून गेल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. श्रीलंकेत रताळे समजून हा कंद खाल्ल्याने माणसे मेलेली आहेत. असा प्रसंग आला तर घरगुती उपाय करीत बसू नये, उरलेला कंद बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. पूर्वी बाळंतपणात कळा येण्यासाठी कंद उगाळून बेंबीवर लावीत, त्यावरूनच कळलावी हे नाव पडले असे सांगतात. तो प्रकार आता कोणी करू नये. आयुर्वेदात हिची गणना उपविषांत आहे व शोधन करून वापर सांगितला आहे, पण ते जाणत्या वैद्याचे काम.

चूक आमची होती, सूनबाईंची नव्हे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या दप्तरांवर चिठ्ठ्या चिकटविल्या, त्याला आपल्या टोपलीवर एक चिठ्ठी चिकटविता आली नाही. सौभाग्यवतींनी वेल उपटून टाकण्याचा निर्वाणीचा हुकूम दिला. कळलावी दारी असली की घरात कळ लागते, अशी समजूत आहेच, आणि त्या दिवशी घरात कळ लागली होती हेही कबूल केले पाहिजे. अखेर तडजोड झाली ती अशी. कंद घरात आणावयाचे नाहीत. काढले की त्याच दिवशी पुन्हा पुरावयाचे. हाताळताना हातमोजे व नंतर साबण. सुकलेली वेल कडब्यात जाऊ द्यावयाची नाही. शेंगा धरू लागताच खुडावयाच्या, कारण पिकलेल्या शेंगेतील लाल बी मण्यासारखे दिसते आणि विष कंदापेक्षा बियांतच अधिक असते.

शेंगांवरून काही शेतकरी बंधू विचारितात की ह्या बियांस पैसा मिळतो काय. मिळतो. तामिळनाडूत ह्याची शेते आहेत आणि बी औषधाकरिता परदेशी जाते. परंतु फुलातील स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून परागांपासून दूर गेलेली असते, त्यामुळे आपोआप फळ फार थोडे धरते. तेथे मजूर लावून रोज सकाळी प्रत्येक फुलाचे हाताने परागीभवन करावे लागते. कंदांचे बियाणे महाग, मांडवाचा खर्च वेगळा, आणि आमच्या भागात हा माल घेणारा व्यापारी आमच्या पाहण्यात नाही. सोयाबीन-तुरीच्या काळ्या रानात हे पीक घालण्याचा सल्ला आम्ही कोणास देणार नाही. लेखी करारावाचून कोणी कंद विकावयास आला तर त्याला चहा पाजून वाटेस लावावे.

धुऱ्यावर मात्र तिला राहू द्यावे, एवढे मागणे आहे. ह्या मृगात आमचे अकरा फाटे वरंब्यात गेले. दोन आम्ही शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, मालकास विचारून, जुन्या बाभळीच्या बुडाशी पुरले आहेत. तेथे मुले खेळत नाहीत. तणनाशकाचा पंप त्या बाभळीपासून दहा हात दूर ठेवण्याचे मालकाने कबूल केले आहे. त्यांतील एकाचा कोंब परवा वर आला.