कवितेचा पहिला परका वाचक

हौशी कवीच्या वहीत बऱ्यापैकी कविता साठल्या की त्याच्यासमोर दोन वाटा असतात. पदरचे पैसे घालून संग्रह काढायचा, किंवा कविता नियतकालिकांकडे पाठवून संपादकाच्या उत्तराची वाट पाहायची. पहिली वाट आता फार सोपी झाली आहे, म्हणून तिच्यावर गर्दी आहे. माझा कौल मात्र ठामपणे दुसरीला आहे. नात्यागोत्याचा नसलेल्या, भीडभाड न बाळगणाऱ्या कुणीतरी कविता वाचून ती छापण्याजोगी ठरवावी, ही गोष्ट विकत मिळत नाही. मराठी कविता वाढली ती अशा परक्या वाचकांच्या भरवशावर.

या बाबतीत खानदेशाचं ऋण मोठं आहे, आणि ते पुरेसं आठवलं जात नाही. १८८७ साली नारायण नरसिंह फडणीस यांनी जळगावात ‘काव्यरत्नावली’ सुरू केलं. निव्वळ कवितेला वाहिलेलं मासिक, तेही मुंबई-पुण्यापासून इतक्या लांब, आणि ते १९३५ पर्यंत चाललं! केशवसुत १९०५ मध्ये गेले तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. हयातीत त्यांची कविता वाचकांपर्यंत गेली ती ‘काव्यरत्नावली’सारख्या मासिकांतून. फडणीस नुसते अंक काढून थांबले नाहीत. १९०७ साली त्यांनी जळगावात कविसंमेलन भरवलं. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या पोराने तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं. संपादक नवख्याला कसा हुडकतो आणि चार जाणत्यांपुढे कसा उभा करतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे १९८५ मध्ये त्याच खानदेशात, धुळ्याला, पुरुषोत्तम पाटलांनी ‘कवितारती’ सुरू केलं, तेही केवळ कवितेसाठी. अशा अंकात आपली कविता इतरांच्या कवितांशेजारी छापून येते तेव्हा तिचं बळ आणि तिची उणीव दोन्ही उघडी पडतात. स्वतःच्या संग्रहात शेजारीही आपणच असतो.

यावर रास्त आक्षेप असा, की संपादक म्हणजे दारावरचा पहारेकरी, आणि त्याची अभिरुची त्याच्या वर्गाची, जातीची असते. ‘सत्यकथा’ मासिकावर हाच राग होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचं संपादन काटेकोर होतं, पण त्या काटेकोरपणात कित्येकांचं जगणं बसत नव्हतं. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सत्यकथा’चा अंक जाळला. मला तो राग खरा वाटतो. पण या पिढीने संपादन मोडीत काढलं नाही. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ ही लघुनियतकालिकं निघाली, औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ उभं राहिलं. तिथेही कुणीतरी कविता वाचत होतं, निवडत होतं. फक्त निवडणारे वेगळे होते. एक दार बंद असेल तर दुसरं उघडावं, हे त्यांनी करून दाखवलं.

बहिणाबाईंनी कुठे कविता पाठवल्या होत्या, असंही कुणी विचारेल. त्यांनी पाठवल्या नाहीत, हे खरं. पण १९५१ मध्ये त्या गेल्यावर त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांनी ती प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला. १९५२ मध्ये संग्रह आला. मुलाचं प्रेम होतंच, तरी निर्णायक ठरली ती बाहेरच्या, कसलेल्या वाचकाची दाद. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ही १९४२ मध्ये वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने निघाला.

पाठवण्याची रीत थोडक्यात सांगतो. ज्या अंकाला कविता पाठवायची त्याचे दोन-चार अंक आधी वाचावेत. तीन-चार कविता पुरेत. शुद्धलेखन तपासावं, स्वतःजवळ प्रत ठेवावी, एकच कविता एका वेळी दोन ठिकाणी देऊ नये. दिवाळी अंकांचं साहित्य कित्येक महिने आधी ठरतं, तेव्हा दसऱ्याच्या तोंडावर पाठवून उपयोग नसतो. उत्तरच येत नाही, ही तक्रार खरी आहे. होकार नसला तर दोन ओळींचा नकार कळवणं संपादकाचं कर्तव्यच आहे; पण बरीचशी छोटी नियतकालिकं एक-दोन माणसं विनामोबदला चालवतात, हेही ध्यानात घ्यावं. काही महिन्यांनी एक स्मरणपत्र धाडावं. तरीही उत्तर नाही आलं, तर कविता तिथून काढून घेतल्याचं कळवून दुसऱ्या अंकाकडे पाठवावी, मात्र त्याआधी तिचा खर्डा एकदा नव्याने लिहून पाहावा.