काटा हलत नाही तेव्हा काय करायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे काय आहे ना" जरा कमी केलेत.

आजचा एपिसोड एका आकड्याबद्दल आहे. ९०.१.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी वजन कमी करायला घेतलं तेव्हा काटा ९३.२ दाखवत होता. पहिल्या दहा दिवसांत २.४ किलो गेले. मी एवढा खूश की कॉलेजमधली जीन्स कपाटातून काढून खुर्चीवर टाकून ठेवली. मग वेग मंदावला. आणि मार्चमध्ये सलग अठरा दिवस काटा ८९ आणि ९०.५ च्या मध्ये नुसता झोके घेत राहिला. चहातली साखर बंद, रात्रीचा भात अर्धा, रोज आठ हजार पावलं, सगळं चालू होतं. अठराव्या दिवशी सकाळी काट्यावर उभा राहिलो तर ९०.१! आदल्या दिवशीपेक्षा ८०० ग्रॅम जास्त.

त्या संध्याकाळी ऑफिसखालच्या गाडीवर तीन वडापाव खाल्ले. भूक नव्हती, राग होता. त्यानंतर चार महिने मी काट्याकडे फिरकलोच नाही.

जुलैअखेर वजन होतं ९५. बाबांना डायबेटिस आहे, म्हणून आईने मागे लागून माझी पण टेस्ट करून घेतली. एचबीए१सी आलं ६.०. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस. मी सत्तावीस वर्षांचा. आई काही बोलली नाही, रिपोर्ट घडी घालून बाबांच्या फाइलमध्ये ठेवला. ते जास्त लागलं.

मी काय चुकीचं वाचलं

ऑगस्टमध्ये परत सुरुवात करताना मार्चचे जुने आकडे एका शीटमध्ये टाकले. सवयच आहे आपली. आणि सहज सात दिवसांची सरासरी काढली. त्या अठरा दिवसांतल्या पहिल्या सात दिवसांची सरासरी ८९.९ आणि शेवटच्या सात दिवसांची ८९.३.

म्हणजे वजन अडकलंच नव्हतं, ते चाललं होतं खाली. मी सोडलं तेव्हा सगळं बरोबर चालू होतं!

असं का होतं ते बघू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. समजा तुम्ही लागतं त्यापेक्षा रोज ४०० कॅलरी कमी खाताय, जे रोज सांभाळायला सोपं नाही. आठवड्याला झाल्या २,८००. म्हणजे आठवड्याला जेमतेम ३६० ग्रॅम चरबी, दिवसाला पन्नासेक ग्रॅम. आणि तुम्ही एक ग्लास पाणी प्यायलात की काटा २५० ग्रॅमने वर.

काट्याला चरबी वेगळी दिसत नाही. त्याला पाणी, पोटातलं जेवण, सगळं एकच. आदल्या दिवशी लग्नात पापड, लोणचं, भजी झाली, की मिठाबरोबर शरीर पाणी धरून ठेवतं. माझ्या ९०.१ च्या आदल्या दिवशी नेमका मावसभावाच्या लग्नाचा बुफे होता! नवीन व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंतही पाणी साठतं. मुलींचं पाळीच्या आधी एखाद-दीड किलो सहज वाढू शकतं, त्यामुळे या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा.

आता पहिल्या दहा दिवसांतले ते २.४ किलो. शरीर थोडी साखर ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंमध्ये साठवतं, साधारण अर्धा किलो, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा उतरतो. तेव्हा त्या २.४ मध्ये बरंचसं पाणीच होतं. मी तो वेग खरा धरला आणि पुढचे दोन महिने त्याच्याशी भांडत बसलो.

आणि हो, नंतर खरंच अवघड होतं

सगळंच पाण्यावर ढकलू नका. वजन कमी झालं की शरीराला ऊर्जा कमी लागते, आणि भूक वाढते. तेव्हा अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली याचा अंदाज मांडला. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दिवसाचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे पाच किलो उतरवलेल्या माणसाला आधीपेक्षा रोज पाचशेएक कॅलरी जास्त खावंसं वाटतं. रात्री अकराला फ्रिज उघडून उभे राहता ना, तो तुमचा आळस किंवा कमजोर मन नाही. शरीर त्याचं काम करतंय.

मला हे कळल्यावर फार हलकं वाटलं, खरं सांगतो. स्वतःला शिव्या देणं बंद झालं. मग जेवणात उसळ, डाळ, अंडी, ताक वाढवलं, म्हणजे पोट जरा जास्त वेळ भरलेलं राहतं.

मी आता काय करतो

एक, सकाळी उठून बाथरूमला जाऊन आलो की वजन करतो, शीटमध्ये टाकतो, विसरतो. बघायची फक्त सात दिवसांची सरासरी, ती पण रविवारी. प्रॉडक्शनमध्ये एका सेकंदाच्या स्पाइकवर आपण रोलबॅक करत नाही, ट्रेंड बघतो. तसंच.

दोन, काटा बघून त्या दिवशी कुठलाही निर्णय नाही. ना उपास, ना वडापाव. सरासरी चार आठवडे हलली नाही तरच काही बदलायचं. तेव्हा आधी तेल बघा. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि फोडणी कोणी मोजून टाकत नाही. मग चहाबरोबरची खारी, आणि शनिवार-रविवार.

तीन, महिन्यातून एकदा कंबर मोजायची. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही धोक्याची रेषा धरतात. वजन थांबलेलं असताना माझी टेप दोनदा खाली आलीय.

चार, काट्यामुळे दिवसच्या दिवस मूड जात असेल, तर काटा माळ्यावर टाका आणि फक्त टेप ठेवा. खाण्याबद्दलचे विचार डोक्यातून जातच नसतील, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोला. थायरॉइड, पीसीओएस किंवा काही औषधांमुळेही वजन अडतं. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे तिथे माझं ऐकू नका.

चेन्नईची गोष्ट

शेवटची गोष्ट, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ५३१ लोक, साखर वाढलेली पण अजून डायबेटिस नाही, म्हणजे माझ्यासारखेच. त्यांचे गट केले. एका गटाला फक्त चालणं आणि खाण्यातले बदल सांगितले आणि पाठपुरावा केला. सुमारे तीस महिन्यांनी, नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात डायबेटिसचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी निघाला.

आणि त्यांचं वजन? फारसं कमी झालंच नव्हतं.

परत एकदा वाचा. काटा हलला नाही, तरी आत काहीतरी बदलत होतं. मार्चमध्ये मला हे माहीत असतं तर त्या गाडीवर मी एकच वडापाव खाल्ला असता आणि दुसऱ्या दिवशी परत चालायला गेलो असतो.

आज माझं वजन ८६ आहे. तेरा महिन्यांत नऊ किलो, म्हणजे महिन्याला पाऊण किलोसुद्धा नाही. परवाच्या लग्नात काकू म्हणाल्या, "अरे, एवढा चालतोस म्हणे, दिसत तर काहीच नाही!" मी हसलो आणि म्हटलं, "काकू, रिपोर्टमध्ये दिसतं." एचबीए१सी ५.६ आलंय. हा रिपोर्ट आईने बाबांच्या फाइलमध्ये नाही ठेवला. फ्रिजवर लावलाय.

जीन्स अजून बसत नाही, बरं का. खुर्चीवरच आहे.

तुमचा काटा अडकला असेल तर आज रात्री एवढंच करा, मागच्या दोन आठवड्यांचे आकडे काढा आणि दोन सरासऱ्या मांडा. मग चिडायचं की नाही ते ठरवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा, आणि जमलं तर चालता चालता ऐका!