मैत्री प्रभूच्या स्वाधीन

‘सर्व काही देवाच्या स्वाधीन करा’ असं आपण मिस्साच्या प्रवचनात वर्षातून कितीतरी वेळा ऐकतो. आजारपण, नोकरी, मुलांची लग्नं देवाच्या स्वाधीन करायची, हे आपल्याला समजतं. मित्रमैत्रिणींचं काय करायचं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. हल्ली काही तरुण मुलांनी याचं उत्तर आपलं आपणच काढलं आहे. तीन दिवसांच्या रिट्रीटहून आलेला मुलगा जुन्या मित्रांचे फोन घेत नाही. का, तर आपण आता प्रभूचे झालो! शेजारचा लहानपणापासूनचा दोस्त त्याला चौकात गाठून विचारतो, ‘अलीकडं आमच्याकडं का यायलास नाही रे? काय चुकलं काय आमचं?’ त्यावर त्या मुलाला काही बोलता येत नाही.

बेळगाव-खानापूर भागात आपण संख्येने थोडे. आपले मित्र बहुतेक मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान घरांतले. शाळेत एका बाकावर बसलेले, नाताळला आपल्या घरी नेवऱ्या खाल्लेले, आपल्या मयतीला पहिले धावून आलेले. देवाला शरण जायचं म्हणजे या माणसांना दूर करायचं का, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही.

पवित्र शास्त्रात काय दिसतं ते पाहू. दुःखसहनाच्या आदल्या रात्री प्रभू येशूने शिष्यांना सांगितलं की आता मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात हे आहे. त्याच रात्री गेथसेमनी बागेत त्याने पित्याला सांगितलं, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. एकाच रात्री मैत्रीही आली आणि समर्पणही आलं. शिवाय त्या प्रार्थनेला जाताना तो एकटा गेला नाही. पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेऊन, माझ्यासोबत जागे राहा, अशी त्याने विनंती केली. देवाला शरण जाणाऱ्याने माणसाची सोबत मागणं हा काही विश्वासाचा कमीपणा नव्हे. ते तिघे झोपी गेले. प्रभूला वाईट वाटलं, त्याने ते बोलूनही दाखवलं, पण मैत्री तोडली नाही. विश्वासघात करायला आलेल्या यहूदालासुद्धा त्याने ‘मित्रा’ अशीच हाक मारली, असं मत्तय लिहितो.

दुसरा दाखला आपल्या जवळचा, गोंयच्या सायबाचा. डिसेंबरच्या फेस्ताला आपल्या भागातले भाविक घाट उतरून पायी जुन्या गोव्याला जातात, त्या संत फ्रान्सिस झेवियरचा. 1529 साली पॅरिसच्या सेंत-बार्ब कॉलेजात तिघे एका खोलीत राहत होते. नव्हारच्या सरदार घराण्यातला फ्रान्सिस, सव्हॉयच्या डोंगरात लहानपणी मेंढरं राखलेला पीटर फेबर आणि त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठा, लढाईत पाय जायबंदी झालेला इग्नाशियस. सुरुवातीला फ्रान्सिसला इग्नाशियसचं बोलणं पटत नसे. त्याला नाव कमवायचं होतं. इग्नाशियसने घाई केली नाही. सोबत राहिला, अडीअडचणीला मदत केली आणि बाकीचं देवावर सोडलं. 15 ऑगस्ट 1534 रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी मिळून देवापुढे नवस घेतले. येशूसंघाची सुरुवात अशी मैत्रीतून झाली.

पुढे 1540 च्या मार्चमध्ये हिंदुस्थानात पाठवायचा माणूस ऐनवेळी आजारी पडला आणि फ्रान्सिसला जायला सांगण्यात आलं. दुसऱ्याच दिवशी त्याने रोम सोडलं. इग्नाशियसची आणि त्याची पुन्हा भेट झाली नाही. 6 मे 1542 ला तो गोव्यात उतरला. त्या काळी पत्राचं उत्तर यायला वर्षं लागत. मित्रांच्या पत्रांतल्या त्यांच्या हाताच्या सह्या त्याने कापून घेतल्या आणि आपल्या व्रतांच्या कागदासोबत त्या तो कायम जवळ बाळगत असे. हे त्याने स्वतः 1546 साली आंबोन बेटावरून पत्रात कळवलं. 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळ सांचियान बेटावर तो वारला. ती बातमी रोमला पोचण्याआधीच, 1553 च्या जूनमध्ये, इग्नाशियसने त्याला परत बोलावणारं पत्र लिहिलं होतं.

या माणसाने मित्र सोडले म्हणायचे की धरले? देवाने पाठवलं तिकडे तो गेला, मित्रांची नावं मात्र छातीशी राहिली. समर्पण म्हणजे मित्रावरची मालकी सोडणं, माया सोडणं नव्हे, एवढं यातून मला समजतं.

आता आपल्या रोजच्या अडचणी. पहिली सणावाराची. मित्राच्या घरी गणपती बसतो, जायचं की नाही? पूजा करणं वेगळं आणि पूजेच्या घरी पाहुणा म्हणून बसणं वेगळं. आपली उपासना एकाच देवाची, त्यात तडजोड नाही. पण चार घटका बसावं, म्हाताऱ्या आईची विचारपूस करावी, आरतीच्या वेळी मान राखून गप्प उभं राहावं, यात विश्वास बुडत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात संत पौलाने मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल विचारपूर्वक लिहिलं आहे. ते वाचावं, मनात शंका राहिली तर आपल्या फादरांना विचारावं. काही घ्यायचं नसेल तर तोंड वेंगाडू नये, हात जोडून सरळ सांगावं. खऱ्या मित्राला ते समजतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी जाहीर केलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही. त्याच वर्षी 7 डिसेंबरला, श्रद्धेच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती होता कामा नये, असंही परिषदेने सांगितलं. तेव्हा मित्राला धर्मांतराचं गिऱ्हाईक समजू नये. त्याने विचारलं तर आपली श्रद्धा मोकळेपणाने सांगावी. त्याच्या आत्म्याची काळजी आपल्याहून देवाला जास्त आहे.

दुसरी अडचण जास्त कठीण. मित्र चुकीचं काही मागतो. जमिनीच्या खोट्या कागदावर साक्षीदार म्हणून सही कर, घरी विचारलं तर माझ्यासोबत होता म्हणून सांग, पत्त्यात हरलोय तर पैसे दे. इथे ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि मैत्री तुटू शकते. तुटली तर तुटू दे, असं मनापासून म्हणता येणं हेच इथे समर्पण. मात्र ‘नाही’ एकदाच म्हणावं. चारचौघांत त्याची अब्रू काढू नये. आणि त्याची लेकरं उपाशी असतील तर पैसे नको, पण पिठाचा डबा घेऊन जावं.

तिसरी अडचण आमच्या वयाची. मित्र गल्फला, पुण्याला, मुलाकडे गेले. काही कारण नसताना काहींनी बोलणंच सोडलं. आपण मनात हिशेब मांडत बसतो, मी इतक्यांदा फोन केला, त्याने एकदाही नाही. हा हिशेब म्हणजेच मालकी. एक फोन आपण करावा. उचलला तर बोलावं, नाही उचलला तर त्याच्या नावाने एक ‘नमो मारिया’ म्हणावी आणि आपल्या कामाला लागावं.

तरुणांना एवढंच सांगतो. रिट्रीटहून आलात, फार चांगलं झालं. आता त्या शेजारच्या दोस्ताच्या घरी जा. विचारलं तर प्रभूबद्दल बोला, नाही विचारलं तर चहा प्या. आणि रात्री घरची जपमाळ संपली की त्याचं नाव देवापुढे घ्या. पुढचं काय करायचं ते देव पाहून घेईल.

– एक निवृत्त शिक्षक, बेळगाव