उचलता येईल तेवढीच गाडी

अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल बघायला शोरूममध्ये गेलेला माणूस आधी सीसी विचारतो, मग बीएचपी, आणि सोबत वडील आले असतील तर अ‍ॅव्हरेज. माहितीपत्रकात पार खाली ‘कर्ब वेट’ लिहिलेलं असतं, म्हणजे पेट्रोल-ऑइल भरून रस्त्यावर उतरायला तयार गाडीचं वजन. तिथवर नजर सहसा पोचत नाही. पण पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या उतारावर गाडी एकदा आडवी झाली की बाकीच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

पडलेली गाडी उचलायची रीत ठरलेली आहे. आधी इंजिन बंद करायचं. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडच्या बाजूला कोसळते. पहिला गिअर टाकायचा, म्हणजे चाक घरंगळत नाही. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एका हातात खालची ग्रिप आणि दुसऱ्या हातात मागचं कॅरिअर धरून छोटी छोटी पावलं मागे टाकत गाडी उभी करायची. जोर मांड्यांचा लावायचा, कमरेचा नाही. कोरड्या जमिनीवर दोनशे किलोंच्या आतली गाडी अशी एकट्याने उठते. चिखलात मात्र टाचेखालची मातीच सरकते, आणि सामान बांधलेलं असेल तर आधी ते सोडावं लागतं. हे दिवसातून तिसऱ्यांदा करायची वेळ आली की अ‍ॅडव्हेंचरचा उत्साह पुरता ओसरतो.

म्हणून या गाड्यांची तुलना मी वजनापासून सुरू करतो. हिरो एक्सपल्स 200 4व्ही साधारण 160 किलोंची. चाकणला तयार होणारी केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर 183 किलोंची. रॉयल एन्फिल्डची हिमालयन 450 ही 196 किलोंची. बीएमडब्ल्यूची आर 1250 जीएस 249 किलोंपर्यंत जाते. ती पडली की माणूस आधी आजूबाजूला कोणी दिसतंय का ते बघतो.

मग 110 किलोंची का घेऊ नये? तशा गाड्याही आहेत. केटीएमच्या एन्ड्युरो शर्यतीच्या गाड्या साधारण त्याच वजनाच्या असतात. पण त्यांचं ऑइल बदलायचा हिशेब किलोमीटरमध्ये नसतो, तासांत असतो. मागची सबफ्रेम सामान वाहायला बनवलेलीच नसते आणि सीट म्हणजे नुसती फळी. पुण्याहून मनालीला जायचं तर टाकी मोठी हवी, सर्व्हिस लांबणीवर टाकता यायला हवी, मागे दोन बॅगा आणि कधी एक माणूसही बसायला हवा. यातली प्रत्येक सोय वजन वाढवते. प्रवासाची गाडी आणि मातीतली गाडी एकाच सांगाड्यात बसवताना कंपनीला कुठेतरी हात आखडावा लागतो, आणि तो कोणी कुठे आखडला हेच बघायचं असतं.

मार्च 2016 मध्ये आलेल्या पहिल्या हिमालयनने ताकदीवर पाणी सोडलं. 411 सीसीच्या इंजिनातून जेमतेम 24 बीएचपी. आकडा वाचून लोक हसले होते. पण त्या इंजिनात 78 मिलिमीटरच्या बोअरला 86 मिलिमीटरचा स्ट्रोक आहे. पिस्टनची चाल अशी लांब असली की कमी आरपीएमवरच ओढ मिळते. दगडगोट्यांच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचला फारसा हात न लावता ती धुगधुगत वर जाते. केटीएमच्या जुन्या 373 सीसी इंजिनाचा बोअर 89 आणि स्ट्रोक अवघा 60. ताकद 43 बीएचपीच्या आसपास, पण टॉर्कचा कळस 7000 आरपीएमवर. महामार्गावर हे इंजिन बेफाम पळतं. वळणावळणाच्या खडकाळ चढावर मात्र सारखा हाफ क्लच धरून ठेवावा लागतो, नाहीतर ऐन मोक्याला बंद पडतं.

411 ची सीट 800 मिलिमीटरवर होती, म्हणजे साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला टेकत. माझ्या मते हिमालयनच्या लोकप्रियतेत इंजिनापेक्षा या आकड्याचा वाटा मोठा आहे. चढावर थांबलेल्या गाडीवरून पाय टेकायला जावं आणि खाली जमीनच लागू नये, बहुतेक पडझड अशीच होते. याउलट पहिल्या 390 अ‍ॅडव्हेंचरची सीट 855 वर, पुढचं चाक 19 इंची आणि चाकं अलॉयची. जानेवारी 2020 मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हा नाव अ‍ॅडव्हेंचरचं होतं, स्वभाव डांबराचा. कंपनीलाही ते कळलं असावं, कारण 2025 च्या नव्या 390 अ‍ॅडव्हेंचरला 21 इंची पुढचं चाक आणि तारांची रिम मिळाली, सीटही खाली आली.

मोठ्या चाकामागचं कारण साधं आहे. घेर मोठा असला की तोच दगड चाकाला कमी कोनात भेटतो, त्यामुळे चाक अडत नाही, वर चढून जातं. डांबरावर हेच चाक वळायला थोडं आळशी वाटतं. तारांची रिम दणका खाऊन वाकते आणि पुन्हा सरळ करता येते. पण त्यात बहुधा ट्यूब असते, आणि ट्यूब म्हणजे पंक्चरला चाक काढणं आलं. अ‍ॅक्सलचा नट, ब्रेकपॅडच्या फटीत पुन्हा बसवायची डिस्क, दोन टायर लिव्हर आणि रिमशी चिमटून दुसरीकडे फाटलेली तीच ट्यूब. हिमालयन 450 ला कंपनीने नंतर तारांची ट्यूबलेस चाकं दिली. जादा पैसे मोजून घ्यावी अशी या गाडीवरची हीच एक गोष्ट.

ही 450 नोव्हेंबर 2023 मध्ये गोव्यात, कंपनीच्या मोटोव्हर्स जत्रेत बाजारात उतरली. रॉयल एन्फिल्डचं हे पहिलं पाण्याने थंड होणारं इंजिन: 452 सीसी, 40 बीएचपीला टेकलेलं, सहा गिअर. त्या 40 चा खरा उपयोग लडाखमध्ये कळतो. खारदुंग ला 5,300 मीटरच्या वर आहे आणि तिथली हवा समुद्रकाठच्या हवेच्या तुलनेत चाळीस टक्क्यांहून अधिक विरळ. इंजिनाला हवा कमी मिळाली की ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते. ढोबळ हिशेबाने नवी हिमालयन खारदुंगवर जेवढी ओढते तेवढी जुनी मुंबईत ओढायची. जुन्या गाडीवर दोघं बसून, सामान लादून तो घाट चढलेल्यांना हा फरक आकडे न बघताही कळेल. वजन मात्र पूर्वीइतकंच राहिलं. यामाहाची तेनेरे 700 दोन सिलिंडर आणि 70 च्या वर बीएचपी घेऊन सुमारे 205 किलोंत बसते, हे पाहिलं की एन्फिल्डने इथे आळस केला असं वाटतं. अर्थात तेनेरेची किंमत वेगळ्याच पंक्तीतली आहे.

माझा जीव एक्सपल्सवर आहे. 2019 मध्ये आली तेव्हा 18 बीएचपीची, पुढे 21 आणि मागे 18 इंची चाक. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करायचं तर आधी विचार करावा लागतो, आणि मुंबई-नाशिकसारख्या रस्त्यावर ती जीव काढते. पण लाल मातीच्या वाटेवर पेगवर उभं राहून गुडघ्यांनी टाकी दाबली की ती मोठ्या सायकलीसारखी हलते. चुकलं तर पाय टेकवून सावरता येतं. 2025 च्या एक्सपल्स 210 मध्ये पाण्याने थंड होणारं 24 बीएचपीचं इंजिन आणि सहावा गिअर आल्याने हायवेची तक्रार बरीच मिटली आहे. वजन दहाएक किलोंनी वाढलं, ते चालतं. (अशी गाडी आहे म्हणून फुलांच्या सड्यावर घालू नये. तिथली बोटभर माती एकदा उखडली की पुन्हा धरत नाही.)

या गाड्यांचे सीसी तरी रस्ता बघून ठरतात का? फारसे नाही. युरोपात ए2 परवान्याला 35 किलोवॅट, म्हणजे 47 हॉर्सपॉवरची मर्यादा आहे आणि चाकणची केटीएम तिच्या आत बसवलेली आहे. आपल्याकडे 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि त्यावरच्यांचा उपकरासह 31 होता तो 40. कराची ही रेघ या वर्गाच्या बरोबर मधून गेली आहे. हिमालयन आणि 390 एका बाजूला, एक्सपल्स दुसऱ्या. त्यामुळे वर्षातले अकरा महिने सह्याद्रीत आणि एखादा आठवडा स्पितीत काढणाऱ्याने एक्सपल्स 210 घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत चांगले बूट आणि गुडघ्याचे गार्ड घ्यावेत. मागच्या सीटवर कायम कोणी असणार असेल तर हिमालयन 450. रोज पुणे-मुंबई करून महिन्यातून एकदा मातीत उतरणाऱ्याला केटीएम, फक्त 19 इंची अलॉयची घ्यायची की 21 इंची तारांची, हे त्याने त्या एका दिवसावरून ठरवू नये.