परसांतील खापर

मराठींत दुसऱ्याच्या माथीं खापर फोडणें हा वाक्प्रचार लहानथोरांस ठाऊक आहे. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहों, तींतील खापर खरेंखुरें आहे, आणि तें आमच्याच माथीं फुटावें हें न्याय्य आहे.

गतवर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत प्रवरेच्या खोऱ्यांतील आमच्या गांवीं, घरामागील परसांत, शोषखड्डा खणण्याचें काम चाललें होतें. सुमारें चार फूट खालीं गेल्यावर पहार कशावर तरी आदळली व खणकन आवाज झाला. गडी हळूच म्हणाला, “मास्तर, धन असंल. सांजच्याला गुपचूप काढू.” धन वगैरे कांहीं नव्हतें. तांबड्या मातीच्या एका भांड्याचे पांचसहा तुकडे आणि त्यांच्या पोटांतील राखेसारखी मऊ माती, एवढेंच निघालें. एका तुकड्यावर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा होत्या. आम्हीं उत्साहाच्या भरांत ती माती ढिगाऱ्यावर फेंकली आणि तुकडे हौदावर नेऊन काथ्यानें घासले. रेघा फिकट झाल्या, तेव्हां कोठें हात थांबला.

पुढें पुरातत्त्वाचे अभ्यासक असलेले आमचे एक जुने सहाध्यायी घरीं आले. त्यांनीं तीनच प्रश्न विचारले: हे तुकडे नेमके किती खोल होते? भोंवतालच्या मातीचा रंग कोणता होता? भांड्याच्या आंत काय होतें? पहिल्याचें उत्तर आम्हीं अदमासानें दिलें. उरलेल्या दोहोंचीं उत्तरें ढिगाऱ्यांत मिसळून गेलीं होतीं.

हे प्रश्न इतके महत्त्वाचे कां, हें आतां पाहूं. आपल्याकडे शेतजमिनीस काळी आणि वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या चुलींची राख, पडक्या भिंतींची माती व केरकचरा एकावर एक सांचून गांवाची जागा उंच होत जाते. खालचा थर आधींचा व वरचा नंतरचा, हा साधा नियम होय. मात्र कोणीं मध्येंच खड्डा खणला असेल, तर वरची वस्तु खालीं जाते. म्हणूनच मातीचा रंग कोठें बदलतो हें पाहावें लागतें. खापर हें त्या पोथीतील एक अक्षर आहे; पान फाडून अक्षर तेवढें हातीं घेतलें, तर अर्थ कसा लागणार?

ह्याच प्रवरेच्या काठीं, संगमनेर तालुक्यांतील जोर्वे येथें, १९५०-५१ सालीं डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव ह्यांनीं उत्खनन केलें. तेथील तांबडीं, काळ्या नक्षीचीं, चाकावर घडविलेलीं भांडीं इतकीं उत्तम भाजलेलीं आहेत कीं टिचकी मारतांच धातूसारखा नाद निघतो. त्या संस्कृतीस जोर्वे हेंच नांव पडलें. तिचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें १४०० ते ७०० असा मानतात. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें १९६८ पासून झालेल्या उत्खननांत, घरांच्या जमिनीखालीं दोन कुंभ तोंडास तोंड लावून ठेवलेले आढळले. त्यांत लहान मुलांचे अस्थि होते. कोण्या मातेनें आपलें मूल घराबाहेर न नेतां घरांतच निजविलें होतें! म्हणून भांड्यांतील माती ही केवळ घाण समजूं नये.

केवळ रंगावरून मात्र भांड्याचें वय ठरत नाहीं. पन्नास वर्षें जमिनींत राहिलेलें मडकेंही जुनाट दिसतें. तज्ज्ञ लोक कांठाची घडण, चाकाच्या रेषा, तुटलेल्या कडेचा रंग व मातींतील कण पाहतात. भट्टींत भाजल्यापासून मातीच्या कणांत किरणोत्सर्गाची ऊर्जा सांचत जाते. पुन्हां तापविल्यास ती प्रकाशरूपानें बाहेर पडते, आणि तिच्या मापनावरून काळ काढतां येतो. त्यासाठीं भोंवतालच्या मातीचाही नमुना लागतो. कोळसा मिळाल्यास त्यांतील कार्बनवरून काळ काढतात.

वस्तु मौल्यवान असली तरी हा नियम सुटत नाहीं. प्रवरेकाठच्याच दायमाबाद येथें १९७४ सालीं एका शेतकऱ्यास झाडाचें मूळ खणतांना कांशाचे रथ, हत्ती, गेंडा व रेडा सांपडले. त्यांचें एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक आहे. परंतु तीं शास्त्रीय उत्खननांत न मिळाल्यामुळें त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद झाले.

तर मुलांनो, असा प्रसंग आल्यास प्रथम पहार बाजूस ठेवावी. वस्तु ओढूं नये, धुऊं नये, घासूं नये. जागेवर असतांनाच, शेजारीं मोजपट्टी धरून, तिचें छायाचित्र घ्यावें. खोली, दिवस व मातीचा रंग वहींत लिहावा. मग जिल्हाधिकाऱ्यांस अथवा राज्याच्या पुरातत्त्व विभागास लेखी कळवावें. १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें, जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंची विक्री परवान्यावांचून करतां येत नाहीं, आणि खाजगी व्यक्तीस त्या परदेशीं पाठवितां येत नाहींत.

आमच्या खड्ड्याच्या भिंतींत आणखी एका भांड्याचा कांठ दिसत होता. त्यास आम्हीं हात लावला नाहीं. खड्डा बुजविला, दुसरीकडे नवा खणला, आणि घडलें तें सर्व, घासण्याच्या चुकीसह, अर्जांत लिहून पाठविलें. मातोश्री म्हणाल्या, “बाळ, इतकीं वर्षें तें तेथें राहिलें, आणखी थोडें राहील.” तें जोर्वेकालीन ठरेल, अथवा आमच्या पणजोबांच्या वेळच्या कुंभाराचें ठरेल. कांहीं ठरलें तरी ह्या खेपेस तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्याच्या भोंवतीं शाबूत आहेत.