हापसा किती सुटा?

जव्हारच्या वावरसारख्या गावात हापसा पाणी ओढेनासा झाला, की बहुधा दट्ट्याचं वॉशर झिजलेलं असतं. ते बदलणं किती सोपं, हे हापशाचे भाग एकमेकांपासून किती सुटे यावर ठरतं. वस्तू किती सुटी, हे मोजायची सोपी रीत अशी: एक भाग बदलायला बाकीचे किती हलवावे लागतात?

सोलापूरच्या पंपावरून १९७०च्या दशकात घडवलेल्या ‘इंडिया मार्क २’मध्ये त्या एवढ्याशा वॉशरसाठी बोअरमधले सगळे पाइप उपसावे लागतात. ‘मार्क ३’चे पाइप रुंद, त्यामुळे दट्ट्या त्यांच्या आतूनच वर येतो. अर्थात रुंद पाइप महाग आणि जडही. जुळणी करताना दोन्ही पंप जवळपास सारखेच. फरक पडतो दुरुस्तीत. म्हणून जुळणी, दुरुस्ती, भंगार असं प्रत्येक टप्प्यावर माप वेगळं घ्यावं लागतं. मी तरी दुरुस्तीला जास्त गुण देईन. मेकॅनिक पंचायत समितीत असतो, पाड्यावर नाही.